पडद्यावर न दिसलेलं विमान

८ जानेवारी

मामा,

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळे धडधाकट आहेत. फोनवर तुम्ही "हं, हं, बरं, ठेव" एवढंच म्हणता आणि माझं सांगायचं तसंच राहून जातं, म्हणून या वेळी कागद. शिवाय काम अर्धं ऑफिसचं आहे, आणि कामाचं बोलणं लेखी असलेलं बरं हे तुम्हीच मला शिकवलंत.

तुम्हाला माहीत आहे, मी जिथे बसते त्या नियंत्रण कक्षाला एकही खिडकी नाही. दिवसभर आभाळावर लक्ष ठेवायचं आणि आभाळ कधी बघायचं नाही, अशी नोकरी. आमच्या रडारला मोठी विमानं दिसतात. तुमच्यासारखी दोन सीटांची छोटी विमानं मात्र खालून उडतात, टेकडीआड गेली की आमच्या लेखी नाहीशी होतात.

आता त्यावर एक पेटी आली आहे, जेवणाच्या डब्याएवढी. ती उपग्रहांवरून आपली जागा ओळखते आणि दर सेकंदाला सगळ्यांना सांगत सुटते: मी अमुक विमान, इथे आहे, इतक्या उंचीवर, इकडे चाललोय. ते आमच्या पडद्यावर उमटतं. आणि आसपासच्या ज्या विमानांत अशी पेटी आहे ती वैमानिकाला समोरच्या छोट्या पडद्यावर बाणांसारखी दिसतात. छोट्या विमानांना ती दोन वर्षांनी सक्तीची होईल. तोवर ज्याला हवी त्याला, आणि दर मैदानाला दहा पेट्या चाचणीसाठी फुकट.

ही वाटणी माझ्याकडे आहे. तुमच्या मैदानाचा कागद कालच टेबलावर आला: विमानं अकरा, अर्ज शून्य. मामा, तुम्ही तिथले सगळ्यांत जुने. तुम्ही हो म्हणालात की बाकीचे रांग लावतील. एवढं माझ्यासाठी करा.

तुमची चिमणी


१९ जानेवारी

चिमणे,

अक्षर सुधारलेलं नाही. कोंबडी कागदावरून चालत गेली असं वाटतं. तरी वाचलं, दोनदा वाचलं, आणि रविवारी हँगरमागच्या चहाच्या खोलीत सगळ्यांसमोरही वाचून दाखवलं. ती खोली तुला आठवत असेल. पत्र्याचं छप्पर, आठ खुर्च्या, एकीचं दुसरीशी पटत नाही.

वाचून झाल्यावर मी चार शब्द बोललो. मामी म्हणते चार नसणार, पण ते असो. मी म्हणालो, पंचेचाळीस वर्षं मी उडतोय. आपल्या मैदानावर मनोरा नाही की कुणी नियंत्रक नाही. आपण रेडिओवर एकमेकांना सांगतो, मी वळतोय, मी उतरतोय, आणि खिडकीबाहेर बघतो. एवढ्या भांडवलावर आजवर कुणाला खरचटलं नाही. माणूस कुठे आहे हे फोनमुळे बायकोला कळतं आणि कार्डामुळे बँकेला कळतं. आभाळ तेवढं उरलं होतं, तिथेही आता हजेरी घेणार काय?

टाळ्या पडल्या. सगळ्यांत जोरात दातवाल्यांच्या. ते तुला आठवतात ना? तीस वर्षं लोकांचे दात उपटून निवृत्त झाले, पिवळं विमान घेतलं, आणि तेव्हापासून माझ्याशी हुज्जत घालतात. त्यांनी तर पेटीचा अर्ज भरून खिशात आणला होता म्हणे. माझं बोलणं झाल्यावर त्यांनी तो चार घड्या करून टेबलाच्या पायाखाली सारला. टेबल डुगडुगत होतं, आता डुगडुगत नाही. तेव्हा तुमच्या योजनेचा काहीच उपयोग झाला नाही असं समजू नकोस.

तुझं ऑफिस बिनखिडकीच्या खोलीत बसून उंटावरून शेळ्या हाकतं. त्यात तुझा दोष नाही.

माझं विमान, म्हणजे तुझी लाडकी म्हातारी, ठणठणीत आहे. निळा रंग पुन्हा दिला.

मामा


२ फेब्रुवारी

मामा,

तुमचं भाषण इथपर्यंत पोचलं. तुमच्या शेजारच्या दोन मैदानांनीही अर्ज मागे घेतले. साहेबांनी विचारलं, "तिथे कोण एक जुने गृहस्थ आहेत म्हणे?" मी म्हटलं, "असतील." मामा, मी आयुष्यात पहिल्यांदा तुम्हाला ओळख दाखवली नाही.

हजेरी घ्यायची हौस मला नाही. मागच्या महिन्यात, कुठल्या ते सांगत नाही, दोन छोटी विमानं एकमेकांच्या इतक्या जवळून गेली की एकाच्या चाकाची काळी रेघ दुसऱ्याच्या पंखावर उठली. दोघंही अनुभवी, दोघंही खिडकीबाहेर बघत होते. एक नेमका दुसऱ्याच्या पंखाआड होता. माणसाला पंखातून आरपार दिसत नाही, पंचेचाळीस वर्षांनंतरही नाही.

तुम्ही मला उडायला शिकवलंत तेव्हा पहिल्या दिवशी वजनाचा हिशेब मांडायला लावलात. पेट्रोल किती, मी किती, तुम्ही किती. आणि म्हणालात, शेवटी अहंकारही धर, तो मोजला नाही तर विमान उचलत नाही. त्या रविवारचं भाषण किती किलोचं होतं?

रागावून लिहितेय हे तुम्हाला कळेलच. मी सहा वर्षांत एकदाही उडाले नाही, म्हणून मला बोलायचा हक्क नाही असं मनात आलं तर तसं स्पष्ट लिहा.

चिमणी


२० मार्च

चिमणे,

तुझ्या पत्राला दीड महिना उत्तर दिलं नाही. काय लिहावं ते सुचत नव्हतं. तुझ्या प्रश्नाचं उत्तर: साधारण नव्वद किलो.

आता एक काम. एक पेटी मला पाठव. मैदानाच्या पत्त्यावर नको, घरी पाठव. नुसती बघायची म्हणून. सकाळचं ऊन हल्ली फार डोळ्यांवर येतं, समोरचं नीट दिसत नाही, तेव्हा असलं काही हाताशी असलं तर वाईट नाही. आमचा मेकॅनिक बसवून देईल आणि लॉगबुकात रीतसर सही करील. त्याचं तोंड म्हणजे गंजलेला नट. मी सांगेपर्यंत उघडायचं नाही.

बाकी कुणाला कळता कामा नये. जानेवारीत टाळ्या घेतल्या आणि मार्चमध्ये पेटी घेतली असं झालं तर दातवाले मला जगू देणार नाहीत. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मामा


२९ मार्च

मामा,

पेटी आजच पाठवली. पार्सल बांधताना मी एकटीच हसत होते. शेजारच्या टेबलावरची बाई म्हणाली, काय, लॉटरी लागली?

तीन गोष्टी मात्र नीट वाचा. विमानाचा नंबर पेटीत बरोबर भरा. पडद्याकडे टक लावून बसू नका, एक नजर टाकायची आणि परत बाहेर. आणि सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे तुमच्या पडद्यावर फक्त पेटीवाली विमानं दिसतात. शेजारच्या मोठ्या मैदानावरून फ्लाइंग स्कूलची जी पांढरी विमानं सरावाला तुमच्याकडे येतात त्यांना पेट्या आहेत, ती दिसतील. तुमच्या मैदानावरच्या बाकी दहांपैकी एकही दिसणार नाही. पडदा रिकामा दिसला म्हणजे आभाळ रिकामं झालं असं नाही.

म्हणूनच सांगते, त्या दहांना सांगा. थोडं हसतील. दोन रविवार हसतील, मग अर्ज भरतील.

चिमणी


१६ एप्रिल

चिमणे,

बसली. अँटेना म्हातारीच्या पोटाखाली, माशाच्या पराएवढी. दातवाल्यांनी पहिल्याच दिवशी वाकून विचारलं, "हे काय नवीन?" मी म्हटलं, "पाण्याचा निचरा." ते "बरं" म्हणाले. जन्मभर माणसाच्या जबड्यात बघितलेल्याला विमानाच्या पोटातलं काय कळणार!

चिमणे, मी उगाच आडमुठेपणा केला. काय सुंदर वस्तू आहे! फ्लाइंग स्कूलची दोन विमानं मागे डावीकडे आहेत हे मान न वळवता कळतं. एक गंमत सांगतो. म्हातारी वर गेली की ती पांढरी विमानं आपोआप लांब सरकतात, आणि मी उतरेपर्यंत टेकडीपलीकडे घिरट्या घालत थांबतात. दर खेपेला. आजच्या मुलांना वयाचा मान ठेवता येत नाही असं म्हणतात, ते सपशेल खोटं आहे. मला पेटी नसती तर हे कळलंही नसतं.

बाकीच्यांना अजून सांगितलेलं नाही. सांगतो. घाई काय आहे?

मामा

[याच पाकिटात, वहीच्या फाडलेल्या पानावर]

चिमणे, मी मामी. ह्यांनी पाकीट माझ्याकडे चिकटवायला दिलं म्हणून घाईत लिहिते. पेटी ऊन डोळ्यांवर येतं म्हणून मागवलेली नाही. ह्यांना ऐकू येत नाही. दोन वर्षं झाली. टीव्ही इतका मोठा लागतो की समोरच्या घरातले लोक आपला बंद ठेवून आमच्याच बातम्या ऐकतात. मी काही म्हटलं की "तू पुटपुटतेस." रेडिओवर काय ऐकत असतील देव जाणे. मी सांगितलं तर भांडण होतं. तू सांगून बघ.


२५ एप्रिल

मामा,

मामीने चिठ्ठी घातली होती. तिला बोलू नका, मला बोला.

तुम्हाला रेडिओ ऐकू येतो का? एका शब्दात उत्तर द्या.

मामीचं पान वाचून मला मागच्या वर्षीचा फोन आठवला. मी तुम्हाला सांगितलं होतं की मी आणि नवरा वेगळे राहायला लागलोय, मी सामान घेऊन नव्या घरी आलेय. तुम्ही म्हणालात, "वा, छान, छान! मामीला देतो." मी फोन ठेवला. मामा, मी वर्षभर तुमच्यावर रुसून होते. जगात कुणाला काही वाटलं नसतं तरी चाललं असतं, पण तुम्हाला वाटायला हवं होतं. म्हणून मी फोन करणं सोडलं, आणि कारण सांगितलं ते "तुम्ही हं हं म्हणता" हे.

आता वाटतंय, मी मूर्ख होते. पण तसं असेल तर दुसरी गोष्ट फार गंभीर आहे. उत्तर द्या.

चिमणी


१४ मे

मामा,

उत्तर नाही. तुमची रेघ रोज पडद्यावर बघते, म्हणजे उडताय. काल टेकडीवरून फिरून आलात, छान वळण घेतलंत. तुम्ही सुखरूप आहात हे मला त्या पेटीमुळे कळतं, आणि माझ्याशी बोलत नाही हेही.

चिमणी


३ जून

चिमणे,

नाही. एका शब्दात मागितलं होतंस, ते हे.

डावा कान गेलाच आहे. उजव्याने इंजिन ऐकू येतं, समोर बसलेल्या माणसाचं ओठांकडे बघून समजतं. रेडिओ म्हणजे नुसती खरखर. मेडिकलमध्ये कसा पास झालो विचारशील. तपासणीचे डॉक्टर मागे उभे राहून हळू आवाजात काहीतरी बोलतात आणि आपण ते परत म्हणायचं. वीस वर्षं ते तेच म्हणतात, "आज हवा स्वच्छ आहे, वारा पश्चिमेचा." मी पाठीमागे त्यांचे बूट थांबले की म्हणतो, आज हवा स्वच्छ आहे, वारा पश्चिमेचा. मागच्या खेपेला बाहेर धुवांधार पाऊस होता. दोघांनाही हसू आलं नाही.

तुझा तो फोन. मला तुझं एक अक्षर ऐकू आलं नव्हतं. आवाज उत्साहाचा वाटला, म्हणून छान म्हटलं. नंतर मामीने सांगितलं तेव्हा दोन महिने उलटून गेले होते, आणि मग कुठल्या तोंडाने फोन करू? चिमणे, मला वाटलं होतं. फार वाटलं होतं. आजही वाटतं.

आता जे सांगायला बसलो ते. मागच्या रविवारी सकाळी मी उतरत होतो. शेवटचं वळण, पुढे धावपट्टी. रेडिओवर बोललो, उत्तराला खरखर आली, नेहमीसारखी. पडद्याकडे बघितलं: रिकामा. पुन्हा बघितलं: रिकामा. वळलो. डोक्यावर सावली आली म्हणून मान वर केली तर पिवळा पंख. इतका जवळ की त्यावरचे रिव्हेट मोजता आले असते. दातवाले लांबून सरळ उतरायला येत होते आणि मी त्यांच्या पुढ्यात घुसलो. त्यांनी विमान वर खेचलं, म्हणून हे पत्र लिहितोय.

मी पडद्याकडे दोनदा बघितलं आणि खिडकीबाहेर एकदाही नाही. पंचेचाळीस वर्षांत असं पहिल्यांदा झालं. ते पडद्यावर का नव्हते हेही सांगतो. त्यांचा अर्ज टेबलाच्या पायाखाली आहे, आणि तो तिथे माझ्यामुळे गेला.

खाली उतरून ते माझ्याजवळ आले. म्हणाले, "चहा घेणार?" बस, एवढंच. मी म्हटलं घेऊ. दोघांनी घेतला.

तुझ्या पडद्यावर माझी रेघ त्या दिवशी सरळच दिसली असेल. दुसरं विमान तिथे नव्हतंच ना. कुणालाही काही कळलेलं नाही आणि मी बोललो नाही तर कळणारही नाही. बोललो तर लायसन्स जाईल. उडणं गेलं तर माझं काय राहतं ते मला खरंच माहीत नाही. मी काय करू? भाची म्हणून सांग, ऑफिस म्हणून नको.

मामा


८ जून

मामा,

तुमचं पत्र वाचल्यावर कक्षात गेले आणि त्या रविवारची नोंद काढून बघितली. एकच बाण. शांतपणे वळतो, उतरतो. कुठेही काही वेडंवाकडं नाही. मी त्या दिवशी ड्यूटीवर होते. शेजारणीला म्हटलंही होतं, बघ, माझा मामा कसा उतरतो!

भाची म्हणून सांग, ऑफिस म्हणून नको, असं तुम्ही लिहिलंत. मामा, मला तसं फाडता येत नाही. तुम्ही जिवंत राहावं असं भाचीला वाटतं, दातवाले जिवंत राहावेत असं ऑफिसला वाटतं, आणि दोघींचं म्हणणं एकच आहे.

कान तपासून घ्या, खऱ्या यंत्रावर, खऱ्या डॉक्टरांकडे. सोबत एक फॉर्म आहे. धोक्याचा प्रसंग ज्याने स्वतःहून कळवला त्याला शिक्षा नाही, असा नियम आहे. मात्र ऐकण्याचं लिहिलंत तर तुम्हाला एकट्याने उडू देणार नाहीत. खोटं सांगून तुमची समजूत काढणार नाही.

फॉर्म मी भरणार नाही आणि तुमचं पत्र कुणाला दाखवणार नाही. मी दोष फक्त तुम्हालाही देत नाही. पेटी लपवायची म्हणालात तेव्हा मी हसत हसत पार्सल बांधलं. गुपचूप पेटी देणार नाही, एवढं मी म्हणायला हवं होतं. माझ्या यादीत शून्याचा एक झाला, मी त्यातच खूश.

तपासणी होईपर्यंत उडू नका. ही विनंती नाही. तुम्ही मला पहिल्यांदा एकटीला वर सोडलंत तेव्हा ज्या आवाजात "आता उतर" म्हणाला होतात, त्या आवाजात सांगतेय.

चिमणी


२४ जून

चिमणे,

उतरलो.

रविवारी चहाच्या खोलीत सगळे जमले. मी उभा राहिलो. एकजण म्हणाला, आलं भाषण. मी म्हटलं, भाषण नाही, कबुली आहे. म्हातारीच्या पोटाखाली आहे तो पाण्याचा निचरा नाही, पेटी आहे. एप्रिलपासून आहे. तुम्हाला नको म्हणून सांगितलं आणि स्वतः घेतली. का घेतली, तर मला ऐकू येत नाही. आणि त्या रविवारी मी दातवाल्यांना मारलंच होतं.

वाटलं होतं, कल्लोळ होईल. झाला नाही. दातवाले माझ्याकडे तोंड करून, सावकाश, ओठ नीट हलवत म्हणाले, "बसा आता. आम्हाला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"कानांचं. दोन वर्षं झाली. मी एकदा तुमच्या मागे उभा राहून ओरडलो, चहात माशी पडलीय. तुम्ही माशीसकट प्यायलात."

सगळे हसले. मग एकेक बाहेर यायला लागलं. म्हातारी वर असली की हे लोक इंजिन सुरू करत नाहीत. वर असले तर लांब जाऊन थांबतात. दातवाल्यांनी फ्लाइंग स्कूलला फोन करून सांगून ठेवलं होतं, त्यांच्या फळ्यावर चिठ्ठी आहे: जुनं निळं विमान वर असेल तर टेकडीपलीकडे थांबा, त्यांना ऐकू येत नाही. आणि मी तुला लिहिलं होतं की मुलं वयाचा मान ठेवतात! चिमणे, दोन वर्षं मला जे आभाळ मोकळं वाटलं ते यांनी मोकळं करून दिलेलं होतं.

लाज वाटली. मग राग आला, आणि तो मी काढलाही. म्हणालो, "हे प्रेम असेल, पण चूक आहे! एखादा दिवस तुम्ही लांब राहायला विसरलात तर? तुम्ही त्या रविवारी मेला असता, डॉक्टर!"

ते म्हणाले, "हो. त्या दिवशी तुम्ही उतरलात असं समजून मी आलो, आणि दिसलात तेव्हा रेडिओवर चार वेळा ओरडलो. ऐकू येत नाही हे माहीत असून ओरडलो. सवय. रोज ठरवत होतो तुम्हाला सांगायचं. सांगितलं असतं तर तुम्ही इथे यायचं बंद केलं असतं. मग मी भांडायचं कुणाशी?"

मी बसलो. त्यांनी टेबलाच्या पायाखालचा अर्ज काढला, मांडीवर ठेवून सुरकुत्या सरळ केल्या. टेबल पुन्हा डुगडुगायला लागलं. बाकीच्यांनीही अर्ज भरले, सोबत पाठवतोय, दहाच्या दहा.

कानांची तपासणी झाली. डावा शून्य, उजवा निम्म्याहून कमी. अहवाल जोडलाय. तुझा फॉर्मही भरलाय. "प्रसंग का घडला" या रकान्यात जागा कमी आहे, पुढच्या वेळी छापताना वाढवा.

मामा


१२ जुलै

मामा,

तुमचा फॉर्म रीतसर वाटेने माझ्याच टेबलावर आला. नात्यातला म्हणून मी तो साहेबांकडे दिला. त्यांनी पूर्ण वाचला, मग विचारलं, "हे ते जुने गृहस्थ?" मी म्हटलं, "हो. माझे मामा." जोरात म्हटलं, चार टेबलं पलीकडे ऐकू गेलं.

लायसन्स रद्द झालेलं नाही. अट आली आहे: एकट्याने उडायचं नाही, शेजारी रेडिओ सांभाळणारा, ऐकू येणारा वैमानिक हवा. मला माहीत आहे, तुमच्यासाठी हे जवळजवळ रद्द झाल्यासारखंच आहे. मला वाईट वाटतंय आणि मी रडलेही, पण अट बरोबर आहे.

दहा अर्जांपैकी नऊ पेट्या लगेच निघतील, कारण तुमच्या मैदानाच्या दहातली एक तुमच्याकडे आधीच आहे. दहाव्यासाठी भांडतेय. दातवाल्यांचा अर्ज सगळ्यांत वर ठेवला. त्यावर चहाचे आणि बुटाचे डाग आहेत, तरी चालवून घेतला.

आणखी एक. मी काल मेडिकल करून आले. सहा वर्षं उडाले नाही त्याचं कारण तुम्हाला कधी सांगितलं नाही: नवऱ्याला भीती वाटायची, म्हणून सोडलं. नंतर तो सोबत राहिला नाही आणि सोडलेलं तसंच राहिलं. आता दहा तास सराव आणि मग परीक्षा. तोवर दातवाल्यांच्या शेजारी बसा, आणि त्यांच्या लँडिंगला नावं ठेवू नका.

चिमणी


१९ सप्टेंबर

चिमणे,

पास झाल्याचं कळलं. मामीने फोन घेतला आणि मला कागदावर लिहून दाखवलं. पहिल्यांदा "पास" लिहिलं, मग त्याखाली दोन रेघा मारल्या. तो कागद मी जपून ठेवलाय.

कानात यंत्र घातलंय. घरात उपयोग होतो. मामी खरंच पुटपुटते, हे आता सिद्ध झालं. विमानात मात्र ते इंजिनच मोठं करून ऐकवतं, म्हणून खिशात ठेवतो. दोन महिने दातवाल्यांच्या शेजारी बसलो. लँडिंगला नावं ठेवली नाहीत, फक्त डोळे मिटले. म्हातारी हँगरमध्ये उभी होती. मी रोज तिचा पंखा हाताने फिरवून यायचो, बाकी काही नाही. पहिले काही आठवडे वाईट गेले, ते लिहीत नाही.

शनिवारी फ्लाइंग स्कूलमध्ये जाऊन आलो. फळ्यावरची चिठ्ठी बघितली, प्लास्टिकचं आवरण घालून जपून ठेवलेली. तिथल्या शिकवणाऱ्या बाईंना म्हटलं, आता काढा, यापुढे शेजारी ऐकणारी भाची असेल. दोन वर्षं किती मुलं टेकडीपलीकडे थांबली असतील ते विचारलं. त्या हसल्या, म्हणाल्या, मोजलं नाही.

तर या रविवारी ये. दांडा माझ्या हातात, रेडिओ तुझा. पडद्याकडे तू बघ, मी बाहेर बघेन. पेट्या सगळ्यांकडे आल्यात, तरी मी बाहेरच बघेन. एकच मागणी आहे. वर असताना रेडिओवर कुणी म्हणालं की निळ्या विमानाला आधी जाऊ द्या, तर माझ्या खांद्याला हात लाव आणि कुठल्या बाजूला आहे ते बोटाने दाखव. मी त्यांना हात करीन. त्यांना दिसायचा नाही एवढ्या लांबून, मला माहीत आहे. तरी करीन. दोन वर्षांचे राहिलेत.

मामा